व्यायाम, घाम आणि तारुण्यपीटिका

परीक्षा आटोपल्या, शाळांस सुट्या लागल्या, आणि घरोघरचीं मुलें पहांटे उठून मैदानावर, तालमींत, पोहण्याच्या तलावावर अगर हल्लीं गल्लोगल्लीं निघालेल्या जिममध्यें जाऊं लागलीं. ही गोष्ट कोणाही विचारी गृहस्थास आनंदाचीच वाटेल. परंतु याच दिवसांत एक तक्रारही नेमानें ऐकूं येते. मुलगा अगर मुलगी व्यायाम करूं लागली आणि महिन्याभरांत कपाळावर, हनुवटीवर, खांद्यांवर व पाठीवर पुटकुळ्या उठल्या. मग घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, व्यायामानें अंगांत उष्णता चढली ती अशी बाहेर फुटली. तेव्हां व्यायाम बंद करावा आणि सब्जा, गुलकंद सुरू करावा. मुलांचें म्हणणें असें कीं, घामाची घाण तोंडावर सांचली. तेव्हां दिवसांतून पांच-सहा वेळां साबणानें चेहरा खरवडून काढावा. पहिल्या पक्षाचा जय झाला तर व्यायाम सुटतो, दुसऱ्याचा झाला तर कातडी सुटते.

आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकीच्या वाटेनें चालले आहेत, आणि त्यांतही पहिल्या पक्षाच्या चुकीची किंमत अधिक आहे. सोळाव्या वर्षीं सुटलेला व्यायाम पुन्हां हातीं लागेलच असा भरंवसा नसतो. मुलींच्या बाबतींत तर तो बहुधा लागतच नाहीं. चेहऱ्यावरच्या चार पुळ्यांपायीं मुलीनें खो-खो सोडावा आणि पुढें चाळिशींत गुडघे धरून बसावें, हा व्यवहार आम्हांस फार महाग वाटतो.

‘उष्णता’ हा शब्द आपल्याकडे इतक्या ठिकाणीं वापरला जातो कीं, त्यास आतां नेमका अर्थच उरलेला नाहीं. प्राचीन वैद्यकाचा आधार घ्यावा म्हटलें तर या बाबतींत तोही मिळत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांच्या प्रकरणीं ‘मुखदूषिका’ या नांवानें हा विकार वर्णिला आहे. तरुणांच्या मुखावर सावरीच्या कांट्यांसारख्या ज्या पुळ्या उठतात त्या मुखदूषिका, असें तेथें सांगितलें असून कारणें म्हणून कफ, वायु आणि रक्त हीं दिलीं आहेत. पित्ताचें, म्हणजे ज्यास आपण उष्णता म्हणतों त्याचें, तेथें नांव नाहीं, व्यायामाचेंही नाहीं. उलट त्याच ग्रंथांत अन्यत्र व्यायामाची मुक्तकंठानें स्तुति केलेली आहे. तेव्हां आजीबाईंनीं निदान शास्त्राच्या नांवावर तरी नातवाची तालीम बंद करूं नये, एवढी आमची नम्र विनंती आहे.

आजचें शास्त्र काय सांगतें तें आतां पाहूं. त्वचेंत दोन निराळ्या जातींच्या ग्रंथी असतात. घामाच्या ग्रंथी बहुतेक सर्व अंगभर असून त्या आपापल्या स्वतंत्र रंध्रांतून त्वचेवर उघडतात. त्यांतून येणारा स्राव खारट पाण्याहून फारसा निराळा नसतो, आणि त्याचें काम अंग निववणें हें होय. म्हणजे ज्या उष्णतेचा दोष व्यायामाकडे दिला जातो ती बाहेर घालविण्याचें कामच घाम करीत असतो. तेलाच्या ग्रंथी मात्र केंसांच्या मुळांशीं जोडलेल्या असतात, आणि केंस ज्या नळींतून वर येतो तिच्यांतच आपलें तेल सोडतात. चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग या ठिकाणीं त्या मोठ्या व दाट असतात. तळहातांस व तळपायांस त्या मुळींच नसतात. परीक्षेच्या मांडवांत मुलांचे तळहात घामानें निथळतात, तरी तळहातावर तारुण्यपीटिका आलेली कोणीं पाहिली आहे काय? घाम हेंच कारण असतें तर ती तेथें प्रथम यावयास हवी होती.

वयांत येतांना, मुलगा असो वा मुलगी, शरीरांत अँड्रोजन वर्गाचीं संप्रेरकें वाढतात आणि या तेलग्रंथी जाग्या होतात. त्याच सुमारास नळीच्या तोंडाशीं झडणाऱ्या पेशी सुट्या न होतां एकमेकींस चिकटतात व त्यांचें बूच बनतें. बुचाच्या मागें तेल सांचतें. सर्वांच्याच त्वचेवर वस्तीस असणारा एक जंतु त्या तेलांत फोफावतो. सूज येते, ठणका लागतो, आणि आपण म्हणतों मुरूम आला. या जंतूस पूर्वीं प्रोपिओनीबॅक्टेरियम ॲक्नीज म्हणत. २०१६ सालीं त्याचें नांव बदलून क्युटीबॅक्टेरियम ॲक्नीज असें केलें गेलें. नांव बदललें, खोड बदलली नाहीं. ज्या काळ्या ठिपक्यांस मुलें मळ समजून नखांनीं उकरतात तो वस्तुतः मळ नव्हे. बुचांतील रंगद्रव्यास हवा लागून तें काळें पडलेलें असतें. साबणानें तें जात नाहीं याचें कारण हेंच. आईबापांस हा विकार झालेला असेल तर मुलांस होण्याचा संभव वाढतो, हेंही येथें सांगून ठेवलें पाहिजे. कारण मुलाच्या ‘अस्वच्छपणा’वर बोलणाऱ्या वडिलांनीं आपलें विशीतलें छायाचित्र एकदां काढून पहावें हें बरें.

मग व्यायाम करणाऱ्यांच्या खांद्यांवर, पाठीवर व कपाळावर पुळ्या अधिक दिसतात, हें जें अनुभवास येतें तें खोटें काय? खोटें नाहीं. १९७५ सालीं मिल्स व क्लिगमन या अमेरिकन संशोधकांनीं या प्रकाराचें वर्णन करून त्यास ‘ॲक्नी मेकॅनिका’ असें नांव दिलें. त्वचेवर दाब, घर्षण, ताण आणि कोंडलेली ऊब यांचा एकत्र मारा झाला म्हणजे मुळांतच बुजण्याच्या बेतांत असलेल्या नळ्या तडकाफडकीं सुजतात, असा त्याचा इत्यर्थ. तिकडच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या कपाळावर शिरस्त्राणाची कड जेथें टेकते तेथें, हनुवटीवर त्याचा पट्टा जेथें घासतो तेथें, आणि खांद्यांवर गाद्या बसतात तेथें, बरोब्बर त्याच आकारांत पुळ्या उठलेल्या आढळत. म्हणजे दोष धांवण्याकडे नाहीं, घामाकडेही नाहीं. घामानें भिजलेली जी वस्तु अंगास घट्ट बसून घासते तिच्याकडे आहे.

ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे आपल्या घरांतल्या मुलांच्या पुळ्या कोडें राहत नाहींत. त्या नकाशासारख्या वाचतां येतात. क्रिकेट खेळणाऱ्याच्या हनुवटीवर हेल्मेटचा पट्टा असतो. जिममध्यें पाकटीवर निजून वजनें उचलणाऱ्याची पाठ, इतर दहा जणांच्या घामानें भिजलेल्या रेग्झिनवर घासत असते. क्लासाला सायकलीवरून जाणाऱ्या मुलीच्या दोन्ही खांद्यांवर दप्तराचे पट्टे असतात, आणि पाठीवर दप्तर एखाद्या बंद दारासारखें चिकटलेलें असतें. मुलींच्या आंतल्या घट्ट कपड्यांच्या पट्ट्यांखालीं तेंच होतें, परंतु त्याविषयीं बोलावयास घरांत कोणी नसतें. हें काम आईनें अगर थोरल्या जावेनें आपणहून केलें पाहिजे. दुचाकीवर बसणाऱ्यांच्या कपाळावरील हेल्मेटचें अस्तर कित्येकदां गाडी विकेपर्यंत धुतलेंच जात नाहीं. तें सुटें निघत असल्यास आठवड्यास धुवावें. निघत नसल्यास आंत सुती रुमाल बांधून रोज बदलावा. हेल्मेट घालणें मात्र सोडूं नये. पुळी बरी होते, डोकें होत नाहीं.

आपल्याकडील मल्लखांबाचा येथें निराळा विचार करावयास हवा. घर्षण हा या विद्येचा प्राणच आहे. खांबास एरंडेल चोळलेलें असतें. मुलाची छाती, दंड, मांड्या, मान हीं सर्व त्या तेलकट लांकडावर घासत असतात, आणि अंगावर लंगोटाखेरीज कांहीं नसतें. तें असावेंच तसें. मल्लखांबावर कपडे चढवून बसण्याचा सल्ला आम्ही देणार नाहीं. परंतु उतरल्यावर ते तेल अंगावर तसेंच मुरूं देण्याचें कांहीं कारण नाहीं. एरंडेल चिकट, दाट. नुसत्या पाण्यानें तें जात नाहीं. सौम्य साबणानें एकदां, हातानेंच, छाती-पाठ-मान धुवावी. घरीं पोंचावयास वेळ लागत असेल तर तालमीच्या नळावर ओला पंचा करून अंग टिपून घ्यावें. कुस्तीच्या तांबड्या मातीसंबंधीं हेंच. मातीत तेल, ताक, हळद घालण्याची रीत आहे, आणि हळदीमुळें तिच्यापासून अपाय होत नाहीं अशी श्रद्धाही आहे. श्रद्धा असूं द्यावी, पण माती धुऊन टाकावी.

आतां संयुक्त कुटुंबांतला जो खरा तंटा त्याकडे वळूं. सकाळीं साडेसातास मुलगा मैदानावरून येतो तेव्हां न्हाणीघरांत कोणी तरी असतेंच. आजोबांच्या पूजेची वेळ, काकांच्या कचेरीची, धाकट्यांच्या शाळेची. मुलगा घामानें ओथंबलेला गंजीफ्रॉक अंगांत ठेवून, भिंतीस पाठ टेकून, मोबाइल पाहत तासभर बसून राहतो. आई म्हणते, याला आधीं आंघोळ मिळाली पाहिजे, नाहीं तर पुन्हां तोंड फुटेल. आणि त्यावरून सासू-सुनेंत दोन शब्द होतात. या बाबतींत आम्ही एक उपयोगाची माहिती देतों. २००८ सालीं अमेरिकेंत एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. अंगावर पुळ्या असणाऱ्या तरुण पुरुषांपैकीं कांहींनीं व्यायामानंतर लवकर स्नान केलें, कांहींनीं कांहीं तास थांबून केलें. पाठीवरच्या व छातीवरच्या पुळ्यांत दोहोंमध्यें म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठी इमारत बांधूं नये. परंतु त्यावरून एवढें दिसतें कीं, स्नानास थोडा विलंब झाला म्हणून आभाळ कोसळत नाहीं. विलंब चालत नाहीं तो कपडे बदलण्यास. दारांतून आंत येतांच ओला, घट्ट, अंगाला चिकटलेला कपडा काढावा. अंग स्वच्छ कोरड्या पंचानें दाबून टिपावें, चोळूं नये. सैल सुती सदरा घालावा. तोंडावर पाण्याचे चार हबके मारावे. आणि मग आपली पाळी येईपर्यंत खुशाल बसावें. आजोबांची पूजा वेळेवर होईल आणि नातवाची पाठही राहील. ओल्या कपड्यांसाठीं मागच्या दारीं एक निराळी दांडी बांधावी. ते गोळा करून टोपलींत कोंबूं नयेत आणि दुसरे दिवशीं तेच पुन्हां घालूं नयेत. ‘काल तासभरच तर घातला होता’ ही सबब आम्हांस माहीत आहे.

प्रत्येकाचा टुवाल निराळा असावा. तारुण्यपीटिका एकाच्या टुवालावरून दुसऱ्यास लागत नाहीं, परंतु तालमींत व जिममध्यें फिरणारा नायटा मात्र लागतो, आणि एकदां घरांत शिरला कीं आजीपासून पाळण्यांतल्या बाळापर्यंत सर्वांस भेटून जातो.

धुण्यासंबंधीं दुसऱ्या पक्षाचा, म्हणजे मुलांचा, गैरसमज दूर करावयाचा राहिला. चेहरा दिवसांतून दोन वेळां, आणि घाम आल्यावर एकदां, सौम्य साबणानें अगर चेहऱ्याच्या द्रव साबणानें, बोटांच्या टोकांनीं, कोमट अगर साध्या पाण्यानें धुतला म्हणजे पुरे. अधिक धुतल्यानें तेल कमी होत नाहीं, त्वचा मात्र कोरडी व चिडकी होते, आणि चिडलेल्या त्वचेवर पुढें औषध लावलें तर तें सोसत नाहीं. काथ्या, घांसणी, भरड उटणें, लिंबाची फोड, खाण्याचा सोडा, दांत घासण्याची पेस्ट हीं सर्व चेहऱ्यावरून हद्दपार करावीं. दिवाळीचें उटणें दिवाळीला लावावें. त्यास आमची हरकत नाहीं. पण सुजलेल्या पुळ्यांवर तें खसखसून चोळणें म्हणजे वर सांगितलेलें घर्षण आपल्याच हातानें विकत घेणें होय. पोहणाऱ्यांनीं तलावांतून निघाल्यावर अंगावरील क्लोरिनचें पाणी धुऊन टाकावें व कातडी ओढल्यासारखी वाटल्यास हलकें मलम लावावें. मलम, पावडर, उन्हाचें क्रीम हीं घेतांना वेष्टनावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रें न बुजविणारें, असा शब्द आहे कीं नाहीं तें पहावें. व्यायामास जातांना मुलींनीं तोंडावर रंग-पावडर ठेवूंच नये. मैदानावर कोणी वधूपरीक्षेस येत नाहीं.

केंसांच्या तेलाविषयीं लिहितांना आमची लेखणी थोडी बिचकते, कारण हा प्रश्न आजीच्या मायेशीं निगडित आहे. पण सत्य सांगितलें पाहिजे. १९७० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं केंसांस पोमेड चोपडणाऱ्या कृष्णवर्णी लोकांच्या कपाळावर व कानशिलांवर उठणाऱ्या बारीक पुळ्यांचें वर्णन केलें. डोक्याचें तेल खालीं उतरून कपाळाचीं रंध्रें बुजवितें हें त्याचें कारण. आपल्याकडे पहांटे डोक्यावर ओंजळभर खोबरेल थापून, चप्प वेणी घालून मुलीस धांवावयास पाठविलें, तर घामाबरोबर तें तेल कोठें जाईल हें सांगावयास संशोधक नको. म्हणून आमची सूचना अशी कीं, तेल रात्रीं अगर सुटीच्या दिवशीं, मुळांशीं, बेताचें लावावें व नंतर केंस धुवावे. खेळावयाच्या सकाळीं लावूं नये. उशीचा अभ्रा आठवड्यांतून दोनदां तरी बदलावा. कपाळावर केंसांची झालर सोडण्याची जी तऱ्हा सध्यां मुलामुलींत आहे ती व्यायामापुरती मागें बांधून टाकावी. एवढ्यानें कित्येकांचें कपाळ दोन-तीन महिन्यांत निवळूं शकतें, आणि आजीचेंही कांहीं जात नाहीं.

आहाराविषयीं घरांत सर्वांत अधिक बोललें जातें आणि सर्वांत कमी खात्रीचें ठाऊक असतें. तळलेलें खाल्लें कीं तेंच तेल चेहऱ्यावर येतें ही कल्पना सोडून द्यावी. साखर, मैदा, गोड पेयें यांचा संबंध मात्र अधिक विश्वसनीय दिसतो. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें ४३ तरुणांवर १२ आठवडे केलेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारांत रक्तांतली साखर झपाट्यानें वाढविणारे पदार्थ कमी केले होते त्यांच्या पुळ्या दुसऱ्या गटापेक्षां अधिक कमी झाल्या. मैदानावरून येतांच थंड गोड पेयाची बाटली तोंडास लावण्याऐवजीं पाणी, ताक, कोकमाचें सरबत कमी साखरेचें, असें कांहीं प्यावें; हें पुळ्यांखेरीजही हितकरच आहे. दुधाविषयीं निरीक्षणें आहेत, पण सिद्ध झालेलें फारसें नाहीं. वाढत्या वयाच्या, खेळणाऱ्या मुलीचें दूध केवळ संशयावरून तोडणें आम्हांस पसंत नाहीं. आंब्याच्या दिवसांत आंबा बंद करण्याची शिक्षा तर कोणासही देऊं नये. दोन फोडींनीं मुरूम येत नाहीं.

परंतु डब्यांतल्या पावडरींचा प्रश्न निराळा आहे. जिममध्यें जाणारे तरुण दुधाच्या निवळीपासून केलेली ‘व्हे प्रोटीन’ नांवाची भुकटी घेतात, आणि ती सुरू केल्यावर पुळ्या उठल्याचे दाखले डॉक्टरांनीं नोंदलेले आहेत. अशा मुलानें ती दोन-तीन महिने थांबवून पहावी. उसळी, डाळी, दही, अंडीं खाणाऱ्या घरांत अंडीं, यांनीं गरज बहुधा भागते. ब-१२ जीवनसत्त्वाचीं मोठ्या मात्रेचीं इंजेक्शनें उगाच घेतल्यानेंही कित्येकांस पुळ्या येतात. आणि येथें वडील मंडळींनीं विशेष सावध व्हावें: विशीच्या मुलाचे दंड दोन-तीन महिन्यांत अकस्मात् फुगले, स्वभाव तापट झाला, आणि खांद्यांवर, छातीवर, पाठीवर मोठ्या पुळ्यांचें पीक आलें, तर त्यास साबण आणून देऊं नये, जवळ बसवून, न रागावतां, स्नायु वाढविणारीं स्टेरॉइडें तो घेतो काय, हें विचारावें. त्या औषधांनीं तेलग्रंथी तर खवळतातच, पण यकृत, हृदय आणि पुरुषत्व यांसही धोका पोंचतो. या सर्व लेखांत ज्या एका कारणासाठीं तातडीनें डॉक्टरांकडे जावें असें आम्ही म्हणूं, तें हें होय.

साध्या पुळ्यांवर औषधें आहेत, आणि तीं चांगलीं आहेत. ‘वय झालें कीं आपोआप जाईल’ म्हणून वाट पाहण्याचा काळ गेला. बेन्झॉइल पेरॉक्साइडचें मलम पुष्कळ वर्षें वापरांत आहे. त्याचें प्रमाण अडीच टक्के असलें तरी तें पांच वा दहा टक्क्यांच्या मलमाइतकेंच गुण देतें आणि कमी झोंबतें, असें १९८६ सालींच दिसून आलें आहे; म्हणून ‘अधिक कडक’ मलमाच्या मागें लागूं नये. मात्र तें कपड्यांचा रंग उडवितें. पाठीवर लावणाऱ्यानें पांढरा सदरा व पांढरा टुवाल वापरावा. एखादें चांगलें पातळ त्याच्या हातीं लागलें तर घरांत नवा तंटा उभा राहील. रात्रीं लावावयाचीं ॲडॅपेलीन वगैरे रेटिनॉइड जातीचीं मलमें बूच बनण्यासच आळा घालतात. तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें, वाटाण्याएवढीं, सर्व चेहऱ्यास लावावयाचीं असतात, एकेका पुळीस नव्हे. गर्भवतीनें तीं वापरूं नयेत. कोणतेंही औषध दोन ते तीन महिने नेमानें लावल्याखेरीज निकाल देऊं नये. आठव्या दिवशीं आरशाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. उन्हांत खेळणाऱ्यांनीं डॉक्टरांस तसें मुद्दाम सांगावें, कारण डॉक्सिसायक्लीनसारख्या गोळ्यांनीं ऊन अधिक बाधतें. गंभीर विकारांत आयसोट्रेटिनोइन हें प्रभावी औषध दिलें जातें. त्यानें ओंठ कोरडे पडतात, कांहींचे स्नायु दुखतात, म्हणून व्यायामशिक्षकांसही कल्पना द्यावी. आणि गर्भास त्यापासून भयंकर व्यंग येऊं शकतें, म्हणून विवाहित स्त्रीनें व विवाह ठरलेल्या मुलीनें डॉक्टरांपासून कांहींएक लपवूं नये.

शेजारणीच्या मुलीस ‘चार दिवसांत गोरी व नितळ’ करणारें मलम मात्र घरांत आणूं नये. अशा मलमांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. प्रथम सूज उतरते, सर्वजण आनंदतात. मग मलम थांबविलें कीं चेहरा पूर्वीपेक्षां अधिक फुटतो, त्वचा पातळ व लाल होते. भारत सरकारनें २०१८ सालीं अशीं अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकूं नयेत अशा वर्गांत घातलीं, तरी मागणारा असला म्हणजे देणारा भेटतोच.

सर्वच पुळ्या तारुण्यपीटिका नव्हेत, हेंही गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें. सर्व एकसारख्या, बारीक, छाती-पाठीवर दाट आणि खाजणाऱ्या असतील तर तो कित्येकदां एका बुरशीचा प्रताप असतो, व त्यावर नेहमींचीं औषधें चालत नाहींत. घामोळें निराळें. मुलीस पुळ्यांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केंस येत असतील, तर ती केवळ त्वचेची गोष्ट नव्हे. खोल, दुखणाऱ्या गांठी होऊं लागल्या अगर खड्डे पडूं लागले, तर महिना-दोन महिने घरगुती उपायांत घालवूं नयेत. पडलेला खड्डा भरून आणणें हें खड्डा पडूं न देण्यापेक्षां शतपटीनें कठीण. आणि पुळी नखांनीं फोडूं नये, हें मुलांस सांगण्यापूर्वीं घरांतल्या त्या काकू-मावश्यांस सांगावें, ज्या मुलाचें तोंड उजेडाकडे वळवून स्वतःच फोडावयास बसतात.

याच मंडळींस आणखी एक मागणें आहे. लग्नकार्यांत, मुंजींत, चारचौघांत मुलीस पाहतांच ‘अगं, तोंडाला काय झालें तुझ्या?’ असें विचारण्याची आपल्याकडे जी रीत आहे ती प्रेमापोटीं असली तरी तिचा परिणाम काय होतो तें आम्हीं पाहिलें आहे. मुलगी आरशांतून तें रोज पाहतच असते. तिला बातमी नको असते. पुढल्या आठवड्यापासून ती मैदानावर जात नाहीं, पोहावयास तर नाहींच, कारण तेथें पाठ दिसते. घरांत कोणास कारण कळत नाहीं, सर्वजण म्हणतात आळशी झाली. तिला विचारावयाचें असेल तर ‘आज किती फेऱ्या धांवलीस?’ हें विचारावें.

आतां पावसाळा तोंडावर आला आहे, आणि त्या दिवसांत कपडे वाळत नाहींत ही सर्व घरांची अडचण. व्यायाम करणाऱ्या प्रत्येकास निदान तीन सुती गंजीफ्रॉक निराळे ठेवून द्यावे, आणि दमट राहिलेल्यांवर इस्त्री फिरविल्याखेरीज ते अंगांत घालूं देऊं नयेत. ओल्या कपड्यांतून होणाऱ्या नायट्याविषयीं सविस्तर पुढील अंकीं लिहूं.